तिसाव्या रुग्णाचा एक तास

१

पैसा चोरीला जातो, दागिना जातो, देवळातला मुकुटही जातो. पण कायझर्सलाउटर्नच्या त्या रुग्णालयात फेब्रुवारी २००६ मधल्या एका सोमवारी जे चोरीला गेल्याचं उघडकीला आलं, ते होतं एक तास. भर दुपारचा, चांगला साठ मिनिटांचा. आणि आळ आला डॉक्टर नंदिनी देवस्थळींवर.

आळ घेणारे होते हेर ओस्टरमान. जर्मनमध्ये हेर म्हणजे नुसतं श्रीयुत, पण या गृहस्थांना आपला मराठी अर्थच जास्त शोभायचा. नवीन औषधाची चाचणी जिथे जिथे चालते तिथे जायचं, कागद तपासायचे आणि एकही आकडा दुसऱ्याशी भांडत नाही ना ते बघायचं, हे त्यांचं काम. त्या सोमवारी दोन आकडे भांडताना सापडले.

"ही ॲम्ब्युलन्सवाल्याची नोंद," त्यांनी एक कागद टेबलावर सरकवला. "रुग्णाला आधी जिथे नेलं त्या रुग्णालयातून आज फॅक्सने आली. पक्षाघाताचा झटका आल्याची वेळ, ११.३०. आणि हा चाचणीचा फॉर्म, तुमच्या हातचा. १२.३०. औषध टोचलं ४.२० ला. बरोबर?"

"बरोबर," नंदिनी म्हणाली.

"आल्झो, म्हणजे असं, तुमच्या वेळेप्रमाणे तीन तास पन्नास मिनिटं झाली होती. नियमात बसतं. त्यांच्या वेळेप्रमाणे चार तास पन्नास. बसत नाही."

मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली की तिच्यापुढचा भाग उपाशी मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं औषध होतं, पण ते तीन तासांच्या आतच द्यायला परवानगी होती. त्यानंतर साडेचार तासांपर्यंत दिलं तर माणूस सावरतो का, हीच तर चाचणी होती. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना दिसायला तशीच निरुपयोगी पूड. बाटलीवर फक्त क्रमांक. आत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही. साडेचार तासांनंतर मात्र कुणालाच द्यायचं नाही, कारण मग मेंदूत रक्तस्राव व्हायचं भय फार.

"त्या दिवशी तुम्हाला तिसावा रुग्ण हवा होता," ओस्टरमान म्हणाले. "महिनाअखेर तीस झाले नाहीत तर हे केंद्र चाचणीतून बाद. हवा होता ना?"

"हवा होता. पण म्हणून मी वेळ बदलली नाही. रुग्णाच्या पत्नीनं मला साडेबाराच सांगितलं."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"जी इथे दुसऱ्या कुणालाही येत नाही." त्यांनी चष्मा काढला. "फ्राउ डॉक्टर, मी आज सकाळी त्या बाईंना फोन केला होता. त्यांनी मलाही वेळ सांगितली. स्वच्छ जर्मनमध्ये, दोनदा. अकरा वाजून तीस मिनिटं."

२

नंदिनीचे सासरे आत्मारामपंत तीन महिन्यांसाठी आले होते. पुण्याच्या न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक. दिवसभर साक्षीदारांचं बोलणं टिपायचं आणि संध्याकाळी कीर्तनाला पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसायचं, असा त्यांचा जन्म गेला. बुवा निरूपणात चुकून एक शब्द इकडचा तिकडे बोलले तरी पंतांची मान हलायची थांबे, आणि बुवांना कळे, काहीतरी चुकलं.

त्या संध्याकाळी सुनेनं ताट पुढं केलं आणि स्वतः जेवायला बसलीच नाही, तेव्हा पंतांची मान थांबली.

"काय झालं गं?"

तिनं सगळं सांगितलं. पुढच्या बुधवारी विभागप्रमुख प्रोफेसर फ्राउ लिंडनर यांच्यासमोर निर्णय. तोवर रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायला तिला बंदी. निकाल विरुद्ध गेला तर चाचणीतून नाव कटणार, डॉक्टरेट बुडणार, आणि इथे राहण्याचा परवाना, तो आउफएनथाल्ट, तो तर याच कामावर टांगलेला.

"मला त्या क्र्युगरचा संशय आहे," ओजस म्हणाला. तो पंतांचा मुलगा, तिथल्याच एका संशोधन संस्थेत नोकरीला. "तो हिचा वरिष्ठ. तिसाव्या रुग्णासाठी तोच घायकुतीला आला होता. फॉर्म दोन दिवस त्याच्याच कपाटात होता. म्हणजे बघा, खाडाखोड करायला वेळच वेळ."

"खाडाखोड आहे?"

नंदिनीनं फॉर्मची झेरॉक्स पुढं केली. "आहे. तेच तर. वेळेच्या आकड्यात गिरवलेलं दिसतं. मला आठवतंय, मी घाईत काहीतरी चुकीचं लिहिलं आणि लगेच त्यावरच नीट केलं. काय ते आठवत नाही. हेर ओस्टरमान म्हणतात, आधी ११ होतं, त्याचं मी १२ केलं."

पंतांनी कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ. मग हसले.

"ओजस, त्या क्र्युगरना मराठी येतं का रे?"

"काय बोलताय बाबा! त्याला धड इंग्रजी येत नाही."

"मग ते सुटले."

"अहो, पण कसे?"

"ते नंतर. आधी तू मला सांग सूनबाई, तुला कसली काळजी आहे? परवान्याची?"

नंदिनीचे डोळे भरून आले. "परवान्याचीही आहेच. पण बाबा, मीच चुकीचं ऐकलं असेल तर? त्या काकांना वेळ टळून गेल्यावर मी सुई टोचली असेल तर? काही झालं नाही ही देवाची कृपा. पण माझ्या हातून ते झालं असेल, तर मला डॉक्टर म्हणवून घ्यायचा अधिकार नाही."

पंतांनी तिच्यापुढे ताट सरकवलं. "जेव आधी. उपाशीपोटी पश्चात्ताप करू नये, तो पचत नाही. आणि एक लक्षात ठेव. न्यायालयात मी एकतीस वर्षं एकच गोष्ट शिकलो. साक्षीदार काय बोलला हा एक भाग, आणि कागदावर काय उतरलं हा दुसरा. या दोन कागदांवर आकडे आहेत. मला आकडे नकोत. मला शब्द हवेत."

३

शनिवारी सकाळी ओजस त्यांना ॲम्ब्युलन्सच्या ठाण्यावर घेऊन गेला. वेळेची ती नोंद करणारा बेकर नावाचा धिप्पाड माणूस बर्फ झाडत होता. परदेशी म्हाताऱ्याला बघून त्यानं फावडं बाजूला ठेवलं आणि कॉफी पुढं केली.

"मी चुकलो नाही," तो आधीच म्हणाला. "बावीस वर्षं वेळा लिहितोय. बाई फार धीराच्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मी विचारलं, कधी झालं? त्यांनी वेळ सांगितली. मी परत विचारलं. परत तीच सांगितली."

ओजस भाषांतर करत होता, "अकरा तीस म्हणाल्या, म्हणतोय."

"तू थांब," पंत म्हणाले. "आकडा तुझा आहे. त्यांना विचार, बाईंच्या तोंडून कोणते उच्चार आले? जसेच्या तसे."

बेकरनं खांदे उडवले आणि दोन शब्द उच्चारले. पंतांनी खिशातून वही काढून लघुलिपीत दोन रेघा ओढल्या. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. अर्थाशी त्यांना कर्तव्यही नव्हतं.

"आणखी काही आठवतं? घरात काय दिसलं?"

"स्वयंपाकघरातच पडले होते ते. स्ट्रेचरला जागा करायला मी टेबलावरचं जेवणाचं ताट उचलून बाजूला ठेवलं. स्टीलचं. हाताला अजून गरम लागलं, म्हणून लक्षात आहे."

पंतांनी मान वर केली. "गरम? तुम्ही किती वाजता पोहोचलात?"

"बारा बावन्न. फोन आला बारा एक्केचाळीसला, ती वेळ मशीनवर छापली जाते." बेकर अवघडला. "हो, मलाही तेच वाटलं. अकरा तीसला झटका आला आणि बारा एक्केचाळीसला फोन. बाई तासभर बसून राहिल्या असणार. लोक बसतात हो. वाटतं, पडून राहिले की बरं वाटेल. मी कुणाला दोष देत नाही."

परतताना गाडीत पंतांनी वही उघडून वेळा पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "ओजस, या थंडीत स्टीलच्या ताटातला भात सव्वा तास हाताला गरम राहतो का रे?"

"अजिबात नाही."

"मग कुणीतरी खोटं बोलतंय. आणि माझं मन म्हणतं, कुणीच बोलत नाहीये."

४

रविवारी दुपारी पंत एकटेच रुग्णालयात गेले. त्यांना कुणाची बंदी नव्हती. सुनेचा निरोप नव्हता, सुनेला सांगितलंही नव्हतं. बरोबर होता मुगाच्या खिचडीचा डबा.

चारुदत्त साने, वय अठ्ठावन्न, इंजिनीअर. दोन वर्षांसाठी कामावर आलेले, राहायला डोंगरातल्या एका खेड्यात. त्या गुरुवारी जवळच्या लहान रुग्णालयात नेलं, तर तिथलं मेंदूचं चित्र काढायचं यंत्र नेमकं बंद. बर्फातून शहरात आणेपर्यंत तीन वाजून वीस मिनिटं झाली. आता दहा दिवसांनी उजवा पाय जोर धरू लागला होता, हात थोडा. बोलणं मात्र अडकलेलं. पत्नीचं नावही ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं.

त्यांच्या पत्नी शैलाताई मराठी ऐकून आधी उठून उभ्याच राहिल्या. मग पंतांना खुर्ची दिली, मग स्वतःची शाल सारखी केली.

"हे कीर्तनाला जायचे का हो?" पंतांनी विचारलं.

"जायचे म्हणजे? डोंबिवलीला चातुर्मासात एक दिवस चुकला नाही. आता दहा दिवस एक शब्द नाही."

पंतांनी पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला आणि हलक्या आवाजात नामाचा गजर सुरू केला. विठ्ठल, विठ्ठल. तिसऱ्या आवर्तनाला चारुदत्तांचे ओठ हलले. पाचव्याला अख्खा शब्द, सुरासकट, स्वच्छ बाहेर पडला. विठ्ठल.

शैलाताईंनी पदर तोंडाशी धरला. दारातली नर्स हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली, आणि मग घाईनं कुणाला तरी बोलवायला गेली.

"गाण्याची वाट वेगळी असते म्हणे मेंदूत," पंत म्हणाले. "सूनबाईनं सांगितलंय. बोलायचा रस्ता बंद असला तरी ही आळी कधीकधी उघडी राहते. इथून हळूहळू हमरस्त्यावर येतील."

डोळे पुसून झाल्यावर शैलाताई बोलत्या झाल्या. "तुम्हाला म्हणून सांगते. आमच्या शेजारच्या बाई परवा म्हणाल्या, तुम्ही तासभर काय केलंत? मी तासभर बसेन हो? घरच्या माणसाचं तोंड वाकडं झालेलं बघून? चर्चची बाराची घंटा झाली, मी देवाला नैवेद्य दाखवला, ह्यांना पान वाढलं. दुसऱ्या घासाला चमचा हातातून पडला. घड्याळ समोरच होतं. धावत जाऊन शेजारच्यांना बोलावलं, त्यांनी नंबर लावून दिला. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील!"

"घड्याळात किती वाजले होते?"

"साडेबारा."

"ॲम्ब्युलन्सवाल्यांना काय सांगितलंत?"

"साडेबारा! आणि सोमवारी त्या साहेबांचा फोन आला, त्यांनाही साडेबारा. जर्मनमध्ये, बरं का. मी फोल्क्सहोखशूलच्या वर्गाला जाते. संध्याकाळचा वर्ग असतो तो, बारा धडे झालेत माझे."

पंतांचं बोट वहीवर गेलं. "जर्मनमध्ये कसं म्हणालात? जसंच्या तसं."

शैलाताईंनी मान ताठ करून, शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं, "हाल्प त्स्वोल्फ."

पंतांनी ते उच्चार टिपले. मग वहीचं आधीचं पान उलटलं. बेकरच्या तोंडून टिपलेल्या दोन रेघा तिथे होत्या.

रेघा अगदी तशाच होत्या. तोच शब्द, तेच तोंड. आणि तरी तासाचा फरक!

५

"हाल्प त्स्वोल्फ म्हणजे किती रे?" पंतांनी घरी पाय ठेवताच विचारलं.

ओजस सफरचंद खात होता. "साडेअकरा."

"हाल्प म्हणजे?"

"अर्धा."

"आणि त्स्वोल्फ?"

"बारा. पण बाबा, यांचा अर्धा म्हणजे पुढच्या तासाकडे निघालेला अर्धा. बाराकडे जाताना अर्धी वाट झाली, म्हणून साडेअकरा. साडेबारा म्हणायचं असेल तर हाल्प आइन्स, एकचा अर्धा..."

सफरचंद त्याच्या हातात तसंच राहिलं. नंदिनी आतल्या खोलीतून बाहेर आली होती आणि दाराला धरून उभी होती.

"आपण नाही का पावणेतीन म्हणत?" पंत म्हणाले. "तेव्हा आपणही पुढच्या तासाकडेच बघतो. हे लोक अर्ध्यातच बघायला लागतात, एवढाच काय तो फरक. त्या माउलीनं साडेला हाल्प केलं, बाराला त्स्वोल्फ केलं, आणि जोडून दिलं. तीही खरी, बेकरही खरा, ओस्टरमानही खरे."

"आणि मी?" नंदिनीनं विचारलं.

"तुला तिनं मराठीत सांगितलं. तू एकटीच अशी आहेस की जिच्यापर्यंत तो तास धडधाकट पोहोचला."

"मग मी आत्ता फोन करून..."

"नाही!" पंत एकदम कडक झाले. "कुणीही शैलाताईंना एक शब्द सांगायचा नाही. साक्षीदार कोरा राहिला पाहिजे."

६

बुधवारी सकाळी दहा वाजता फ्राउ लिंडनर यांच्या खोलीत सगळे जमले. ओस्टरमान फाइल घेऊन, क्र्युगर भिंतीला टेकून, बेकर हातात टोपी धरून. शैलाताईंनी, सोबत म्हणून पंत हवेत, असं सांगून ठेवलं होतं. ओजस दुभाषा. नंदिनी कोपऱ्यात, हात मांडीवर घट्ट.

"आधी खाडाखोडीचं बघू," पंत म्हणाले. "हेर ओस्टरमान, अकराचे बारा करायचे तर कोणता आकडा बदलावा लागेल? पहिला की दुसरा?"

"दुसरा," ओस्टरमान म्हणाले आणि त्यांनी स्वतःच फॉर्म जवळ ओढला. "इथे दुसरा स्वच्छ आहे. गिरवलाय तो पहिला."

"आणि पहिल्याखाली काय दिसतं?"

त्यांनी खिशातून भिंग काढलं. "नऊसारखं काहीतरी. पण ब्याण्णव वाजत नाहीत."

पंतांनी कोऱ्या कागदावर मोठा मराठी एक काढून पुढं ठेवला. "हा आमचा एक. सुनेच्या कानावर मराठी पडत होतं, हातानंही मराठीच लिहिलं. मग लक्षात येऊन तिनं त्याचा तुमचा एक केला. म्हणजे ती पहिल्या फटक्यालाच बारा लिहीत होती. आणि डॉक्टर क्र्युगरना हा आकडा काढता येत नाही, म्हणून तेही सुटले."

"डांके, आभारी आहे," क्र्युगर भिंतीपाशी पुटपुटले. "माझ्यावरही संशय होता, हे आत्ता कळलं."

फ्राउ लिंडनर पहिल्यांदाच हसल्या.

"आता एक विनंती. भिंतीवरचं ते घड्याळ काढा, काटे तुम्हीच फिरवा आणि शैलाताईंना जर्मनमध्ये वेळ विचारा."

ओस्टरमाननी काटे साडेचारवर आणले. शैलाताई म्हणाल्या, "हाल्प फिअर." बेकरच्या भुवया वर गेल्या, जर्मन कानाला ते साडेतीन होते. साडेनऊला त्या म्हणाल्या, "हाल्प नॉइन." क्र्युगर भिंतीपासून सुटे झाले. मग ओस्टरमाननी सावकाश काटे साडेबारावर आणले.

"हाल्प त्स्वोल्फ," शैलाताई म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून गोंधळल्या.

बेकर मान डोलवायला लागला. ओस्टरमान मात्र माघार घेणाऱ्यातले नव्हते. "हे पढवताही येतं," ते म्हणाले. "क्षमा करा, पण माझं काम शंका घेणं आहे."

ओजसनं ते भाषांतरित केलं मात्र, शैलाताई उसळल्या. "मला पढवलं? मी रीतसर शिकते म्हणावं! माझा गृहपाठ बघा!" पिशवीतून त्यांनी वही काढली आणि टेबलावर आपटली. "दहा तारखेच्या शुक्रवारी दाखवायचा होता. गुरुवारी सकाळी पुरा केला, आणि दुपारी हे असं झालं. कोण जातंय मग वर्गाला? तेव्हापासून वही पिशवीतच आहे."

पानावर आठ घड्याळं छापलेली होती. त्यात चार घड्याळं साडेची. चारही खाली टपोऱ्या अक्षरात एकेक तास मागे. वरच्या कोपऱ्यात वर्गाच्या बाईंनी गृहपाठ देताना आधीच्या शुक्रवारी टाकलेली सही नि तारीख होती, तपासल्याची लाल खूण मात्र कुठेच नव्हती. झटक्याच्या आधीची चूक, झटक्याच्या आधीच्या शाईत.

ओस्टरमाननी पान दोनदा वाचलं. मग फोनच्या नोंदीचा कागद काढला आणि बेकरला, शैलाताईंना दोन-चार प्रश्न विचारले. "बारा तीसला चमचा पडला. बारा एक्केचाळीसला फोन. ताट गरम." ते उठून उभे राहिले आणि शैलाताईंपुढे किंचित वाकले. "तुम्ही अकरा मिनिटांत मदत मागितलीत. मी हे लेखी देतो, शेजाऱ्यांना दाखवा. मी तुमचा शब्द ऐकला आणि आकडा लिहून शब्द फेकून दिला. चूक माझी."

"गेनाऊ, अगदी खरं," बेकर हळूच म्हणाला. "माझीही."

तेव्हा कुठे ओजसनं शैलाताईंना सगळं समजावलं. त्या पांढऱ्या पडल्या. "म्हणजे माझ्या एका शब्दापायी या पोरीवर हे बालंट आलं?"

नंदिनी उठून त्यांच्याजवळ गेली. आता तिला बोलायची परवानगी होती. "काकू, मी इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात साडेआठची बैठक अशीच चुकवली होती. अख्खा तास उशिरा गेले. मला हे तेव्हाच आठवायला हवं होतं."

फ्राउ लिंडनर यांनी निर्णय दोन वाक्यांत दिला. तिसावा रुग्ण चाचणीत राहील. डॉक्टर देवस्थळींनी आजपासूनच काम सुरू करावं.

बाहेर व्हरांड्यात शैलाताईंनी नंदिनीचा हात धरला. "एक विचारू? ह्यांना टोचलं ते खरं औषध होतं, की ती नुसती पूड?"

"मला ठाऊक नाही, काकू."

"तुलाही नाही?"

"कुणालाच नाही. कुठल्या क्रमांकाच्या बाटलीत काय होतं, ते पाकीट सगळे रुग्ण होईपर्यंत उघडायचं नाही. काका चालायला लागले तर मला आनंदच होणार, पण तो औषधाचा गुण की त्यांच्या नशिबाचा, हे मी ठरवायचं नाही. मोजायचं, लिहायचं आणि वाट बघायची. मग कधीतरी अशा शेकडो लोकांच्या नोंदी एकत्र येतील आणि कळेल, की तीन तास उलटून गेलेल्या माणसालाही अजून आशा आहे का."

"असेल," शैलाताई म्हणाल्या.

"मलाही वाटतं असेल. पण ते माझ्या फॉर्मवर लिहायला जागा नाही."

पंत खो खो हसले. फळाची आशा न धरता कर्म करावं, यावर त्यांनी उभ्या जन्मात शंभर निरूपणं ऐकली असतील. पांढऱ्या कोटातलं हे पहिलंच.

इतक्यात नंदिनीच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे खालच्या मजल्यावरची नर्स होती. बोलणं जर्मनमध्ये, भरभर. क्र्युगर तोवर जिन्यापर्यंत पोहोचलेही होते. "फ्राउ डॉक्टर, येताय ना? बहात्तर वर्षांची बाई, डावी बाजू गेलीय!"

"आले!" नंदिनी धावतच निघाली आणि धावता धावता फोनमध्ये विचारत होती, "वेळ सांगू नका, आधी हे सांगा, सोबत कोण आहे? मुलगी? ती घरी कुठली भाषा बोलते? तुर्की? मग तुर्की येणारं कुणीतरी बोलवा, आत्ता, मी जिन्यात आहे..."